हवेच्या आघाड्या

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये शिरणाऱ्याचे लक्ष सर्वप्रथम वेधून घेते ते सम्राट यंत्र. सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या वेधशाळेतील हे यंत्र म्हणजे दगड-चुन्यात बांधलेले एक प्रचंड सूर्यघड्याळ आहे. त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर पडते आणि सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकते. पाहणारा थोडा वेळ थांबला, तर सावली चालताना त्याला प्रत्यक्ष दिसते. या सावलीवरून स्थानिक वेळ सुमारे दोन सेकंदांच्या अचूकतेने वाचता येते. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी कोणत्याही दुर्बिणीशिवाय साधलेली ही अचूकता आजही थक्क करते.

परंतु पौष-माघातील एखाद्या सकाळी जयपूरच्या आकाशात ढग दाटून येतात. सावली पुसली जाते आणि एवढे मोठे यंत्र मुके होते. सूर्य अमुक दिवशी, अमुक वेळी आकाशात कोठे असेल, हे त्या काळच्या ज्योतिर्विदांना कित्येक वर्षे आधी सांगता येत असे. उद्या सूर्य दिसेल की ढगाआड राहील, हे मात्र त्यांना सांगता येत नसे. याचे कारण उघड आहे. ग्रहताऱ्यांना ठरलेले मार्ग असतात. हवेला तसा ठरलेला मार्ग नसतो.

तरीही हवेचे वागणे अगदीच बेबंद नसते. तिच्या वागण्यातील एक महत्त्वाचा नियम विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. एकाच प्रकारच्या हवेत दिवसामागून दिवस सारखेच हवामान राहते. हवामान एकाएकी पालटते ते बहुधा दोन भिन्न प्रकारच्या हवा जेथे एकमेकींना भिडतात, त्या सीमेवर. या सीमेला हवामानशास्त्रात ‘आघाडी’ असे म्हणतात. आघाड्या कशा तयार होतात, त्यांचे प्रकार कोणते आणि जयपूरसारख्या शहराशी व त्याच्या भोवतीच्या शेतीशी त्यांचा काय संबंध आहे, हे समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

वायुराशी म्हणजे काय?

हवा एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावर बरेच दिवस स्थिर राहिली, तर ती त्या प्रदेशाचे गुण घेते. मध्य आशियातील बर्फाळ मैदानांवर रेंगाळलेली हवा थंड व कोरडी होते. अरबी समुद्रावरील हवा उबदार व दमट होते. वैशाखातील थरच्या वाळवंटावरची हवा तप्त आणि कोरडी असते. तापमान व आर्द्रता जवळजवळ सारखी असलेल्या हवेच्या अशा प्रचंड साठ्याला वायुराशी म्हणतात. एका वायुराशीचा विस्तार शेकडो, कधी कधी हजारो किलोमीटर असू शकतो.

दोन वायुराशींमधील सर्वांत महत्त्वाचा फरक म्हणजे त्यांचे वजन. हवेला वजन असते ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात राहत नाही. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक वर्गखोली घेतली, तर समुद्रसपाटीवरील दाबाला आणि ३० अंश सेल्सिअस तापमानाला त्या खोलीतील कोरड्या हवेचे वजन सुमारे १०५ किलोग्रॅम भरते. तीच खोली १० अंश तापमानाच्या हवेने भरलेली असेल, तर वजन सुमारे ११२ किलोग्रॅम होते. एका खोलीत सात किलोंचा फरक पडतो. मग शेकडो किलोमीटर पसरलेल्या दोन वायुराशींच्या वजनांत केवढा फरक पडत असेल, याची कल्पना करता येते. थंड हवा जड असल्यामुळे ती जमिनीलगत राहू पाहते आणि हलकी उष्ण हवा तिच्यावर चढते. आघाड्यांच्या साऱ्या घडामोडी या साध्या गोष्टीतून घडतात.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. चहात दूध मिसळते, तशी एक हवा दुसऱ्या हवेत मिसळून का जात नाही? मिसळते, पण केवळ कडेला आणि सावकाश. वायुराशींचा विस्तार इतका मोठा असतो, की कडेची हवा मिसळत असतानाच वारे दोन्ही बाजूंनी नवी हवा त्या सीमेकडे ढकलत राहतात. त्यामुळे सीमा पुसट न होता टिकून राहते. प्रत्यक्षात ही सीमा काही किलोमीटरपासून अनेक किलोमीटरपर्यंत रुंद असा एक पट्टा असते. परंतु देशाच्या नकाशावर तो पट्टा एका रेषेने दाखवता येतो.

‘आघाडी’ हा शब्द

‘आघाडी’ हा शब्द मराठीत रणांगणावरून आलेला आहे. सैन्याची आघाडी म्हणजे शत्रूला भिडणारी पुढची फळी. हवामानशास्त्रातही हा शब्द युद्धाच्या पार्श्वभूमीवरच रुजला.

नॉर्वेतील शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस हे १९१७ मध्ये जर्मनीतील लाइपझिगहून मायदेशी बर्गेन या किनारी गावी आले. पहिले महायुद्ध चालू होते. नॉर्वे त्या युद्धात सामील नव्हता, तरी परदेशातून येणारे धान्य दुर्मीळ झाले होते आणि शेजारच्या देशांकडून तारेने येणारे हवामानाचे वृत्त बंद पडले होते. देशात पिकणारे धान्य वाया जाऊ न देणे निकडीचे होते. त्यासाठी शेतकऱ्यांना पावसाची पूर्वसूचना हवी होती. परदेशातून माहिती मिळेना, तेव्हा ब्यर्कनेस यांनी देशातच निरीक्षकांचे दाट जाळे विणले. ठिकठिकाणची माणसे ठरलेल्या वेळी वारा, तापमान, दाब आणि ढग यांच्या नोंदी करून बर्गेनला पाठवू लागली.

या नोंदी एकाच नकाशावर मांडल्या, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. तापमान आणि वारा हे सर्वत्र हळूहळू बदलत नव्हते. काही ठरावीक रेषांवर ते एकदम बदलत होते आणि पाऊसही प्रामुख्याने त्याच रेषांच्या आसपास पडत होता. विल्हेल्म यांचे विशीतील पुत्र जेकब ब्यर्कनेस यांनी १९१९ मध्ये आपल्या निबंधात या रेषांची आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या आवर्ताची रचना मांडली. त्या दिवसांत वर्तमानपत्रे युद्ध-आघाड्यांच्या नकाशांनी भरलेली असत. दोन सैन्ये परस्परांना रेटत असलेली रेषा आणि दोन हवा परस्परांना रेटत असलेली रेषा यांतील साम्य डोळ्यांत भरण्यासारखे होते. म्हणून लवकरच या रेषांना आघाडी हे नाव पडले आणि ते कायम राहिले.

आघाडीचा प्रकार कोणता, हे एका प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते : दोन हवांपैकी पुढे कोण सरकते आहे?

शीत आघाडी

थंड हवा पुढे सरकत असेल आणि उष्ण हवेला मागे रेटत असेल, तर त्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. थंड हवा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पाचरीसारखी उष्ण हवेखाली घुसते. नांगराचा फाळ पुढे जाताना माती जशी वर उचलली जाते, तशी उष्ण हवा वर फेकली जाते.

वर जाणाऱ्या हवेवरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि त्यामुळे थंड होते. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली, की तिचे तापमान सुमारे १० अंशांनी उतरते. हवेत बाष्प असेल, तर एका विशिष्ट उंचीवर ते हवेत मावेनासे होते आणि त्याचे सूक्ष्म जलकण बनतात. हाच ढग. शीत आघाडीचा उतार तुलनेने उभा असतो. आघाडीच्या रेषेपासून थंड हवेच्या बाजूला शंभर किलोमीटर मागे गेले, तर सीमेची उंची एक ते दोन किलोमीटर झालेली असते. त्यामुळे उष्ण हवा झपाट्याने वर चढते आणि क्युम्युलोनिम्बस प्रकारचे उंच, मनोऱ्यासारखे ढग तयार होतात. गडगडाट, विजा, जोराच्या सरी आणि कधी कधी गारा हे या ढगांचे विशेष होत. हा पाऊस अरुंद पट्ट्यात पडतो आणि थोडा वेळच टिकतो.

शीत आघाडी एखाद्या गावावरून जाते, तेव्हा तेथील माणसाला ठरावीक क्रमाने बदल जाणवतात. आधी हवेचा दाब उतरतो. नंतर सरी येतात. उत्तर गोलार्धात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वळून वायव्येकडून वाहू लागतो. तापमान घसरते, दाब पुन्हा चढतो आणि आकाश निवळते. आकाश निवळले म्हणजे संकट टळले, असे वाटते. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या काळजीचा दुसरा भाग तेथूनच सुरू होतो. तो कसा, हे पुढे येईलच.

उष्ण आघाडी

याउलट उष्ण हवा पुढे सरकत असेल आणि थंड हवा माघार घेत असेल, तर ती उष्ण आघाडी होय. उष्ण हवा हलकी असल्यामुळे ती जड हवेला खालून रेटू शकत नाही. ती थंड हवेच्या पाठीवर चढत जाते. हा चढ फार मंद असतो. एक किलोमीटर उंची गाठण्यासाठी उष्ण हवेला दीडशे ते तीनशे किलोमीटर अंतर कापावे लागते. घाटाच्या उभ्या पायवाटेने चढणे आणि वळणावळणाच्या गाडीरस्त्याने चढणे यांत जो फरक, तोच शीत व उष्ण आघाडीत आहे.

चढ मंद असल्यामुळे ढगही चादरीसारखे पसरतात. आघाडी अजून शेकडो किलोमीटर दूर असतानाच आकाशात उंचावर पिसांसारखे सिरस ढग दिसू लागतात. मग सिरो-स्ट्रेटस ढगांचा पातळ पडदा येतो आणि चंद्रसूर्याभोवती खळे पडते. त्यानंतर अल्टो-स्ट्रेटस ढग येतात व सूर्य दुधी काचेतून पाहावा तसा दिसतो. शेवटी निम्बो-स्ट्रेटस ढगांतून संथ, दीर्घकाळ चालणारी रिपरिप सुरू होते. आघाडी निघून गेल्यावर हवा उबदार होते. चंद्राला खळे पडले की पाऊस येतो, असे जुनी माणसे सांगत. मध्य अक्षांशांच्या प्रदेशांत या समजुतीला उष्ण आघाडीचा आधार आहे. मात्र प्रत्येक खळ्यानंतर पाऊस येतोच असे नाही.

स्थिर आघाडी आणि मिटलेली आघाडी

कधी दोन्ही हवांचा रेटा सारखा असतो. सीमा जागच्या जागी राहते किंवा अगदी थोडी पुढे-मागे होते. या स्थिर आघाडीच्या आसपास ढगाळ हवा आणि पाऊस कित्येक दिवस रेंगाळू शकतो. पुढे एखाद्या बाजूचा जोर वाढला, की हीच आघाडी शीत किंवा उष्ण आघाडीचे रूप घेते.

चौथा प्रकार समजण्यासाठी आवर्ताची रचना लक्षात घ्यावी लागते. मध्य अक्षांशांतील आवर्ताच्या केंद्राभोवती पुढच्या बाजूला उष्ण आघाडी आणि मागच्या बाजूला शीत आघाडी असते. दोहोंच्या मध्ये उष्ण हवेची पाकळी असते. शीत आघाडी सहसा अधिक वेगाने चालते. ती उष्ण आघाडीला गाठते, तेव्हा मधली उष्ण हवा जमिनीवरून पूर्णपणे उचलली जाते आणि मागची व पुढची थंड हवा एकमेकींना भिडतात. कमळाची पाकळी मिटावी तशी उष्ण हवेची ही जागा मिटते. म्हणून हिला मिटलेली आघाडी म्हणता येईल. उष्ण हवा वर गेलेली असल्याने ढग व पाऊस असतात, पण आवर्ताला बळ देणारा उष्ण-थंड हवेतील विरोध जमिनीलगत ओसरू लागतो. आवर्त आता वार्धक्याकडे झुकलेले असते.

नकाशावर शीत आघाडी निळ्या रेषेवरील त्रिकोणांनी आणि उष्ण आघाडी तांबड्या रेषेवरील अर्धवर्तुळांनी दाखवतात. त्रिकोण किंवा अर्धवर्तुळ ज्या बाजूला असेल, त्या बाजूला आघाडी सरकत असते. स्थिर आघाडीत ही चिन्हे रेषेच्या विरुद्ध बाजूंना आणि मिटलेल्या आघाडीत जांभळ्या रेषेच्या एकाच बाजूला आलटून पालटून काढतात.

भूमध्य समुद्रापासून जयपूरपर्यंत

नॉर्वेसाठी तयार झालेले हे चित्र जयपूरला जसेच्या तसे लागू पडत नाही. जयपूर सुमारे २७ उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून दूर आणि वाळवंटाच्या पूर्वेला वसलेले आहे. येथील वर्षभराच्या पावसाचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या काळात मान्सून आणतो आणि मान्सूनचा पाऊस हा आघाड्यांचा पाऊस नव्हे. परंतु हिवाळ्यात मध्य अक्षांशांचे हवामान दक्षिणेकडे हात लांबवते आणि त्याचे टोक राजस्थानापर्यंत पोहोचते.

भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारी काही आवर्ते उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे निघतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत ती भारताच्या वायव्य भागात येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ असे म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा विक्षोभ येतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी १९५६ मध्ये या विक्षोभांचा भारतीय हवामानाशी असलेला संबंध विशद केला. इतका लांबचा आणि डोंगराळ प्रवास करून आलेल्या विक्षोभांच्या आघाड्या बहुधा मिटलेल्या किंवा क्षीण झालेल्या असतात. जमिनीवरील ठळक उष्ण आघाडी येथे क्वचितच सापडते.

मग जयपूरला पाऊस कसा मिळतो? मुख्य विक्षोभ हिमालयाच्या बाजूने जात असताना त्याच्या प्रभावाने पश्चिम राजस्थानावर एक दुय्यम, कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. त्याच्याभोवती फिरणारे वारे अरबी समुद्रावरील बाष्प राजस्थानात ओढून आणतात. अशा रीतीने दूरच्या समुद्रावरून निघालेल्या विक्षोभाला जवळच्या समुद्राचे पाणी मिळते आणि कोरड्या हिवाळ्यात पाऊस पडतो.

मावठ आणि दहिवर

हिवाळ्यातील या पावसाला राजस्थानात ‘मावठ’ म्हणतात. जयपूरच्या परिसरात या दिवसांत गहू, हरभरा, जव आणि मोहरी ही पिके उभी असतात. विहिरी खोल गेलेल्या या भागात मावठीची एक चांगली सर म्हणजे पिकाला मिळालेली एक पाळी आणि वाचलेला एका पाळीचा खर्च. म्हणूनच मराठी शेतकरी ज्या अवकाळी पावसाला भितो, त्याच ऋतूतील पावसाची राजस्थानी शेतकरी वाट पाहतो.

परंतु मावठीबरोबर दुसरेही काही येते. विक्षोभ येण्यापूर्वी वारा पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून वाहू लागतो, आकाश भरते आणि रात्रीचा गारठा कमी होतो. ढगांचे पांघरूण असल्यामुळे जमिनीची उष्णता निसटत नाही. लोकांना वाटते, थंडी सरली. विक्षोभ पुढे गेला, की त्याच्यामागून वायव्येकडील कोरडी, थंड हवा खाली उतरते. ओली जमीन, निरभ्र आकाश आणि मंद वारा यांमुळे पहिल्या एक-दोन रात्री दाट धुके पडते. हवा आणखी कोरडी झाली, की उघड्या आकाशाकडे जमीन आपली उष्णता रात्रभर मोकळेपणाने टाकत राहते. तापमान गोठणबिंदूकडे उतरते. जयपूरमध्ये ३१ जानेवारी १९०५ रोजी उणे २.२ अंश सेल्सिअस एवढे नीचांकी तापमान नोंदले गेले आहे. शहराच्या पश्चिमेस असलेल्या जोबनेरच्या मोकळ्या रानात आणि शेखावाटीतील फतेहपूर, चुरू या भागांत पारा अनेक हिवाळ्यांत शून्याखाली जातो. अशा रात्री पानांवरील दव गोठते. याला मराठीत दहिवर आणि हिंदीत पाला म्हणतात. पानांच्या पेशींतील पाणी गोठून पेशी फुटतात. फुलोऱ्यातील मोहरी आणि हरभरा यांचे एका रात्रीत होणारे नुकसान पुढे कोणत्याही पावसाने भरून येत नाही.

ज्या विक्षोभाने मावठ दिली, त्याच्याच मागून दहिवर येते. ढग येण्याआधी पाळी द्यायची की थांबायचे, आणि आकाश निवळल्यावर निश्चिंत राहायचे की शेतावर जायचे, हे निर्णय या क्रमावर अवलंबून असतात. क्रम ठाऊक असलेला शेतकरी निवळलेल्या आकाशाला फसत नाही. वारा वायव्येचा झाला आणि संध्याकाळी आकाश स्वच्छ राहिले, की तो पिकाला हलके पाणी देतो. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते व रात्री ती सावकाश सोडते. शेताच्या कडेला, वारा येतो त्या बाजूला तो पहाटेपूर्वी धूर करतो. एखाद्या अंशाचा फरक पडला, तरी पीक वाचते.

हीच थंड हवा पुढे दक्षिणेकडे सरकत महाराष्ट्रातही पोहोचते. तोवर आघाडीची रेषा पुसट झालेली असते, पण गारठा उरलेला असतो. नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्याचे मूळ बहुधा काही दिवसांपूर्वी उत्तरेतून गेलेल्या एखाद्या विक्षोभात असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात अनेक दिवस चाललेल्या गारपिटीने द्राक्षे, गहू, हरभरा आणि ज्वारी यांची अपरिमित हानी केली. उत्तरेकडून आलेली थंड हवा आणि समुद्रांवरून आलेली दमट हवा यांची गाठ त्या वेळी महाराष्ट्राच्या भूमीवर पडली होती.

अंधड : डोळ्यांना दिसणारी आघाडी

हिवाळ्यातील आघाडी डोळ्यांना दिसत नाही. केवळ तिचे परिणाम जाणवतात. उन्हाळ्यात मात्र जयपूरकरांना एक लहानशी आघाडी प्रत्यक्ष पाहावयास मिळते. ती म्हणजे अंधड, हिंदीतील आँधी.

एप्रिल ते जून या काळात तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर उंच ढग वाढतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना बराचसा वाटेतच वाफ होऊन जातो. वाफ होताना तो हवेतील उष्णता शोषून घेतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ही हवा गार व जड होते आणि वेगाने खाली कोसळते. फरशीवर बादलीभर पाणी ओतले, की ते चहूकडे पसरते, तशी ही हवा जमिनीवर आपटून पसरते. तिची पुढची कड म्हणजे छोटी शीत आघाडीच होय. ही कड वाळवंटी प्रदेशातील सैल धूळ उचलते आणि क्षितिजावर धुळीची भिंत चालत येताना दिसते. काही मिनिटांत दिवसाची रात्र होते, वारा दिशा बदलतो आणि तापमान दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक उतरते.

उकाड्यातून सुटका करणारे हे वादळ जीवघेणेही ठरते. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थानातील अलवर, भरतपूर व धौलपूर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा या जिल्ह्यांना अशा वादळांनी झोडपले. दोन्ही राज्यांत मिळून शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घरे व भिंती कोसळून झोपेतच दगावलेल्यांची संख्या त्यांत मोठी होती. तप्त जमीन, पूर्वेकडून आलेले बाष्प आणि उंचावरून जाणारा पश्चिमी विक्षोभ या तिन्ही गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या होत्या. एवढ्या लहान आघाडीचे आयुष्य काही तासांचेच असते. त्यामुळे तिची सूचनाही फार आधी देता येत नाही. म्हणूनच जयपूर येथील डॉप्लर रडारसारखी साधने महत्त्वाची ठरतात. ढगांतील थेंबांवरून परतणाऱ्या लहरींच्या साहाय्याने वादळ कोठे आहे आणि कोणत्या दिशेने चालले आहे, हे त्यांवरून कळते. अशी सूचना मिळताच पक्क्या घरात जाणे, झाडाखाली, जाहिरातींच्या फलकांजवळ किंवा कच्च्या भिंतीच्या आडोशाला न थांबणे, एवढी साधी काळजीही प्राण वाचवू शकते.

अनेकांच्या नोंदी

जयपूरमध्ये एक जुनी परंपरा आजही पाळली जाते. आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास ज्योतिषी सम्राट यंत्राच्या माथ्यावर ध्वज घेऊन जमतात आणि त्याच्या फडकण्यावरून वाऱ्याची दिशा पाहून पावसाचे भाकीत सांगतात. वाऱ्याच्या दिशेत हवामानाची खूण दडलेली आहे, हे या परंपरेमागचे निरीक्षण खरेच आहे. आघाडी गेल्याची पहिली खूणही वाऱ्याची बदललेली दिशाच असते. मात्र एका जागेवरच्या एका ध्वजाला केवळ त्या जागेचा, त्या क्षणाचा वारा कळतो. येणारी हवा अजून कोठे आहे आणि किती वेगाने येत आहे, हे त्याला कळू शकत नाही.

त्यासाठी अनेक ठिकाणी एकाच वेळी पाहावे लागते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वेधशाळांतून रोज ठरलेल्या वेळी दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा यांच्या नोंदी होतात. निवडक ठिकाणांहून फुगे सोडून उंचावरील हवा मोजली जाते. उपग्रह ढगांची छायाचित्रे पाठवतात. या साऱ्या नोंदी एकत्र आल्यावरच विक्षोभाची वाट दिसते आणि हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांतील इशारे देता येतात.

सम्राट यंत्रावर सावली वाचण्यास एक जाणकार पुरे होतो. आघाडी वाचण्यास मात्र इराणपासून राजस्थानपर्यंतच्या कितीतरी अनोळखी माणसांनी, आपापल्या जागी, ठरलेल्या वेळी प्रामाणिकपणे केलेल्या नोंदी लागतात. त्या नोंदींतील एखादा आकडा जोबनेरच्या शेतकऱ्याला त्या रात्री मोहरीला पाणी द्यायचे की नाही, हे सांगत असतो.